प्रादेशिक संशोधन आणि नाशिक जिल्ह्याचे विकास नियोजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायत सदस्य, पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, भूगोलाचे विद्यार्थी आणि जिल्हा पातळीवर काम करणारे अधिकारी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे बहुतेक नाशिक जिल्ह्यातली आहेत. घाटमाथा, बागायती खोरे, अवर्षणप्रवण पठार आणि वेगाने पसरणारे शहर हे सगळे येथे एकमेकांना लागून आहे, आणि एका भागासाठी घेतलेल्या निर्णयाचा परिणाम दुसऱ्या भागावर फार लवकर दिसतो.

प्रादेशिक संशोधन म्हणजे नेमके काय, आणि नियोजनाला ते कशासाठी लागते?

एखादी गोष्ट किती आहे एवढेच न विचारता ती कुठे आहे, तिथेच का आहे आणि शेजारच्या ठिकाणाशी तिचा संबंध काय, हे शोधणाऱ्या अभ्यासाला येथे प्रादेशिक संशोधन म्हटले आहे. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, तर येवला, नांदगाव, मालेगाव या भागात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. या दोन टोकांची सरासरी काढून जो ‘जिल्ह्याचा पाऊस’ हाती येतो, तो जिल्ह्यातल्या फारच थोड्या शेतकऱ्यांच्या शिवारात पडतो, आणि तरीही अनेक आराखड्यांची पहिली ओळ त्याच सरासरीने सुरू होते.

दुसरे कारण संबंधांचे आहे. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतले मजूर दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात. कळवण आणि सटाण्याचा कांदा लासलगाव, पिंपळगावच्या बाजारभावाकडे डोळे लावून असतो. इगतपुरी तालुक्यातल्या धरणांचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून कालव्यांनी कोपरगाव, राहाता आणि पुढे वैजापूरपर्यंत जाते. पेठमध्ये रोजगार हमीची कामे वेळेवर निघाली तर दिंडोरीतल्या मजुरीच्या दरावर परिणाम होतो. प्रत्येक तालुक्याचा स्वतंत्र आराखडा कितीही नीट केला, तरी असा परिणाम त्यापैकी एकाही आराखड्यात दिसणार नाही.

आमच्या दृष्टीने प्रदेश म्हणजे जिल्हाच. मग हद्दीचा वेगळा विचार का करायचा?

बहुतेक अभ्यास बिघडतात ते येथेच, म्हणून या उत्तरासाठी थोडी जास्त जागा घेतली आहे.

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत, पण जिल्ह्यावर पडणारे पाणी एका दिशेला जात नाही. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी आणि तिला मिळणाऱ्या दारणा, कादवा या नद्या पूर्वेकडे वाहतात. गिरणा आणि तिची उपनदी मोसम तापीच्या खोऱ्यात जातात, आणि गिरणा धरण नांदगाव तालुक्यात असले तरी त्याचे लाभक्षेत्र मुख्यतः जळगावकडे आहे. पार, नार, दमणगंगा या नद्या पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरतात. म्हणजे पाण्याच्या प्रश्नासाठी हा जिल्हा एक प्रदेश नसून तीन प्रदेशांचे तुकडे आहे.

हाच जिल्हा मजुरांच्या दृष्टीने पाहिला तर त्याची हद्द गुजरातपर्यंत सरकते, कारण सुरगाण्याच्या पश्चिम भागातले लोक कामासाठी तिकडेही जातात. शेतमालाच्या दृष्टीने पाहिला तर ती मुंबईच्या वाशी बाजारापर्यंत आणि निर्यातक्षम द्राक्षांच्या बाबतीत न्हावाशेवा बंदरापर्यंत जाते. समृद्धी महामार्ग इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांतून गेल्यावर तिथल्या जमिनीचे व्यवहार ज्या केंद्रांशी जोडले गेले, ती केंद्रे पूर्वीची राहिलेली नाहीत.

आकाराचाही प्रश्न आहे. युरोपीय संघाने आकडेवारीसाठी प्रदेशांचे तीन स्तर ठरवले आहेत. त्यांतल्या सर्वांत लहान स्तराची लोकसंख्या साधारण दीड ते आठ लाख आणि सर्वांत मोठ्याची तीस ते सत्तर लाख धरली जाते. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख ७ हजार होती. त्या हिशेबाने आपला एक जिल्हा तिकडच्या सर्वांत मोठ्या स्तरात बसतो आणि लहान स्तराशी जुळतात ते आपले बहुतेक तालुके. परदेशातल्या अभ्यासाची पद्धत उचलताना ‘प्रदेश म्हणजे जिल्हा’ असे गृहीत धरले, की त्या पद्धतीची सूक्ष्मता तिथेच संपते.

आमचा सल्ला असा की आधी प्रश्न ठरवावा आणि प्रश्नानुसार हद्द आखावी. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असेल तर पाणलोट क्षेत्र, हंगामी स्थलांतराचा असेल तर मूळ गाव आणि कामाचे गाव मिळून होणारा पट्टा, कांदा साठवणुकीचा असेल तर बाजार समितीचे आवकक्षेत्र घ्यावे. त्यानंतर ही हद्द तालुका आणि महसूल मंडळाच्या नकाशावर ठेवून कोणत्या कार्यालयाकडे कोणता भाग येतो ते लिहून काढावे, कारण निधी आणि अधिकारी प्रशासकीय हद्दीनेच येतात. पहिली पायरी गाळली तर अभ्यास चुकतो, दुसरी गाळली तर अभ्यास कपाटात राहतो.

स्थानिकांच्या सहभागाला कायद्यात आधार आहे का, की ती केवळ सदिच्छा आहे?

स्पष्ट आधार आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३ यघ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असते आणि तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावे लागतात. आराखडा तयार करताना पंचायती आणि नगरपालिका यांच्या समान हिताच्या बाबी समितीने लक्षात घ्याव्यात, असे तिथे म्हटले आहे. त्यात स्थलविषयक नियोजन, पाणी आणि इतर नैसर्गिक संसाधनांची वाटणी, पायाभूत सुविधांचा एकात्मिक विकास आणि पर्यावरणाचे रक्षण या गोष्टी नावानिशी आहेत. प्रत्यक्षात समितीच्या बैठकीचा मोठा वेळ निधीच्या वाटपात जातो. स्थलविषयक नियोजनाची जबाबदारी मात्र घटनेने दिलेली आहे, आणि ती मागण्याचा सदस्यांना अधिकार आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप प्रादेशिक योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी किमान चार महिने द्यावे लागतात. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेनुसार वेगळ्या नोंदवलेल्या आदिवासी भागात, ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू होतात. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके पूर्णपणे, तर दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि बागलाण यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे पाडा किंवा वस्ती स्वतःची स्वतंत्र ग्रामसभा मागू शकते. हा मुद्दा संशोधकांच्या नजरेतून वारंवार सुटतो: गट ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेचा ठराव मिळाला म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक पाड्याचे मत मिळाले असे होत नाही.

हितसंबंधित घटकांमध्ये कोणाकोणाला धरायचे?

सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे अध्यक्ष, मोठे बागायतदार आणि कार्यालयांचे प्रतिनिधी यांना बोलवायला कोणी विसरत नाही. विसरले जातात ते शेतमजूर, बाजार समितीतले हमाल-मापारी, हंगामानुसार फिरणारे मेंढपाळ, वाट्याने शेती करणारे, आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही पण ज्यांच्या हातून शेती होते त्या स्त्रिया.

आणखी एक घटक तर जवळजवळ नेहमीच विसरला जातो, तो म्हणजे हद्दीपलीकडचा. धरणाच्या वरच्या बाजूला जमीन गेलेली कुटुंबे आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाण्याची वाट पाहणारी गावे हे दोघेही त्या धरणाच्या नियोजनातले हितसंबंधित आहेत, मग ती गावे दुसऱ्या तालुक्यात असोत किंवा दुसऱ्या जिल्ह्यात. यादी करताना ‘या निर्णयाने कोणाचे नुकसान होऊ शकते’ हा प्रश्न आधी विचारावा. लाभार्थ्यांची यादी आपोआप तयार होते, नुकसान सोसणाऱ्यांची मुद्दाम करावी लागते.

लोकांना कोणत्या टप्प्यावर बोलवावे? आम्ही अहवाल तयार झाल्यावर सादरीकरण ठेवतो.

सादरीकरण ठेवणे चांगले आहे, परंतु त्याला सहभाग म्हणता येणार नाही. अभ्यासाचा प्रश्न ठरवतानाच स्थानिक माणसे समोर हवीत. प्रादेशिक नियोजनावर संशोधन करणाऱ्या युरोपातल्या एस्पॉन या कार्यक्रमात काही अभ्यास असेच चालतात. प्रदेशातल्या संस्था आणि प्रशासन आपला प्रश्न घेऊन पुढे येतात, त्यावर संशोधकांचा गट नेमला जातो आणि अभ्यासाच्या वाटचालीत त्या संस्था बरोबर राहतात. आपल्याकडे याच्या उलट चाल रूढ आहे: विद्यापीठात विषय ठरतो, प्रश्नावली छापली जाते आणि मग गाव शोधले जाते.

प्रश्न ठरवताना लोक नसले तर काय होते, ते पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्हाला जवळून दिसले. पिण्याच्या पाण्याच्या सोयींचा नकाशा शाळेच्या ओट्यावर पसरून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. नकाशावर पाड्यापासून अगदी जवळ सार्वजनिक विहीर होती आणि त्यामुळे आमच्या वर्गवारीत तो पाडा ‘सोय असलेला’ ठरला होता. एका बाईंनी विहिरीवर बोट ठेवून सांगितले की होळीच्या पुढे हिचा तळ दिसतो आणि मग सगळ्या जणी नदीतल्या झिऱ्यावर जातात. झिरा नकाशात नव्हता. अंतर मोजले तर तेही फार निघाले नाही, पण वाट डोंगराच्या सोंडेवरून उतरते आणि भरलेला हंडा घेऊन तीच चढायची असते. त्या बैठकीनंतर ‘सोय आहे का’ हा प्रश्न काढून टाकला आणि ‘कोणत्या महिन्यात पाणी कुठून आणता, आणि किती वेळ लागतो’ हा प्रश्न घेतला. त्या एका बदलाने अनेक पाड्यांची वर्गवारी उलटी झाली, आणि मागणीचा क्रमही बदलला.

लोकांनी सांगितलेल्या माहितीला शास्त्रीय मानायचे का?

तपासून घ्यायची, जशी कार्यालयातली माहितीही तपासून घ्यायची. शिवारफेरी, गावनकाशा, हंगामाचे कोष्टक या पद्धतींतून मिळालेली माहिती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी पडताळता येते. त्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजली जाते. दोन्ही माहिती जुळली तर विश्वास वाढतो. न जुळली तर सहसा एखादी महत्त्वाची गोष्ट हाती लागते, उदाहरणार्थ निरीक्षण विहीर ज्या खडकात आहे तो खडकच गावाच्या दुसऱ्या बाजूला नाही.

नाशिककरांना यासाठी वेगळे उदाहरण द्यायला नको. गोदावरीला पूर आला की शहर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहते. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीला, यावरून भांडी बाजार आणि सराफ बाजारातले व्यापारी माल हलवायचा की नाही ते ठरवतात. जलसंपदा विभाग होळकर पुलाखालचा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) सांगतो. दोन्ही मापे एकाच नदीची आहेत, आणि दोन्हींची सांगड घालून ठेवली तर गंगापूर धरणातून किती विसर्ग झाल्यावर कोणत्या गल्लीत पाणी शिरते याचा उपयोगी तक्ता तयार होतो. १९ सप्टेंबर २००८ च्या महापुरात कोणत्या घराच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले होते, हे जुन्या नाशकातली माणसे आजही भिंतीवर हात ठेवून दाखवतात. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या आधारे आखतात. त्या रेषा जागेवर तपासताना ही आठवण फार मोलाची ठरते.

आधीपासून उपलब्ध असलेली माहिती कुठे मिळेल, आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा?

जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, जनगणनेची गावनिहाय पुस्तिका, महावेधच्या महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदी, ई-पीक पाहणी, शाळांची यू-डायस माहिती, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे नकाशे आणि इस्रोचे भुवन संकेतस्थळ एवढ्यावर चांगली सुरुवात होते. जुन्या काळाशी तुलना करायची असल्यास नाशिकचे १८८३ चे गॅझेटिअर अजूनही वाचण्यासारखे आहे.

भरवशाबाबत दोन सूचना आहेत. २०२१ ची जनगणना वेळेवर होऊ शकली नाही, त्यामुळे २०११ चे आकडे वापरताना विशेषतः नाशिक शहराभोवतीच्या गावांत फार जपून राहावे. औद्योगिक वसाहतींजवळच्या गावांची वस्ती त्यानंतर ओळखू येऊ नये इतकी बदलली आहे. दुसरे, कोणतीही पाहणी वर्षाच्या कोणत्या महिन्यात झाली ते आधी पाहावे. सुरगाण्यातल्या गावात जानेवारीत घरे मोजली तर अनेक घरांना कुलूप असते, आणि तीच माणसे त्या वेळी द्राक्षपट्ट्यातल्या शेताच्या कडेला राहत असतात, जिथल्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव नसते.

नाशिक जिल्ह्यात लोकांनी स्वतः अभ्यास करून नियोजन केल्याचे उदाहरण आहे का?

आहे, आणि त्याची चर्चा राज्याबाहेरही होते. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोहोचत नव्हते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला समाज परिवर्तन केंद्र या संस्थेच्या पुढाकाराने तिथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. पुढे संपूर्ण प्रकल्पावर २४ पाणीवापर संस्था झाल्या, त्यांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला आणि धरणाचे व्यवस्थापन लाभधारकांच्या हाती आले.

या कामातली संशोधनाची बाजू फारशी सांगितली जात नाही. पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष मोजलेल्या घनफळावर, घ्यायचे ठरले म्हणजे प्रत्येक संस्थेच्या वाट्याला नेमके किती पाणी येते, चारीतून किती झिरपते आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, किती उरते हे मोजणे भाग पडले. शेतकऱ्यांनी ते मोजले. बाणगंगेवर बंधारे घालून विहिरींची पातळी वाढवली आणि कालव्याचे पाणी व विहिरीचे पाणी यांचा हिशेब एकत्र मांडला. हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या, शेतकऱ्याला आपल्या हक्काचे पाणी ठरल्या वेळी मिळेल अशी खात्री झाली, की तो जास्तीचे पाणी अडवून ठेवत नाही. पण ही खात्री मोजमापाशिवाय देता येत नाही. सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा राज्याचा कायदा २००५ साली आला, त्याआधी कितीतरी वर्षे हे काम सुरू झाले होते.

याहूनही जुना दाखला बागलाणचा आहे. मोसम आणि आरम नद्यांवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत विभागलेले असते आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत असते. कोणत्या वर्षी कोणत्या फडात बारमाही पीक आणि कोणत्या फडात हंगामी पीक घ्यायचे ते सगळे मिळून ठरवतात, पाणी पाटकरी देतो आणि उभ्या पिकाची राखण जागल्या करतो. नदीत पाणी कमी असेल त्या वर्षी सर्वांचेच क्षेत्र घटते, एकट्या टेलवाल्याचे नाही. प्रादेशिक नियोजनात न्याय्य वाटणी कशी असावी यावर चर्चा करायची असेल, तर आम्ही लोकांना आधी फडाचा बंधारा दाखवायला नेतो.

पाण्यावरून दोन प्रदेशांत वाद असेल तर संशोधनाने तो मिटतो का?

मिटत नाही. गोदावरीवर खाली मराठवाड्यात असलेल्या जायकवाडी धरणाच्या प्रश्नात हे स्पष्ट दिसते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरच्या स्थितीत जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतल्या वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा हिशेब केला जातो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा दोन्हीकडे आंदोलने झाली. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्याची गरज खरी आहे, आणि ही गोष्ट कोणताही अहवाल बदलू शकत नाही.

संशोधनाने एवढे करता येते की वाद कशावर आहे हे नेमके होते. नदीपात्रातून वाहताना पाणी किती घटते, गाळ साचल्यामुळे गंगापूरसारख्या धरणाची क्षमता मूळ क्षमतेपेक्षा किती कमी झाली आहे, शहराला पिण्यासाठी राखीव ठेवलेल्या पाण्यापैकी किती पाणी सांडपाणी म्हणून प्रक्रिया होऊन परत नदीत येते, हे मोजण्याचे प्रश्न आहेत. उरलेल्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा मोजण्याचा प्रश्न नाही. तो लोकप्रतिनिधींनी आणि गरज पडल्यास न्यायालयाने ठरवायचा आहे. संशोधकाने या दोन प्रकारच्या प्रश्नांत गल्लत केली की दोन्ही बाजू त्याच्यावर पक्षपाताचा आरोप करतात, आणि तो आरोप अगदीच निराधार नसतो. अशा ठिकाणी मोजमापाची पद्धत आणि साधने दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींसमोर आधी ठरवून घ्यावीत, आकडे नंतर काढावेत. पश्चिमेकडे वाहणाऱ्या नार-पारचे पाणी गिरणेत आणण्याच्या नार-पार-गिरणा जोडप्रकल्पाचा अभ्यास करणाऱ्यांनीही गिरणा खोऱ्यातल्या लाभधारकांइतकेच सुरगाण्यातल्या गावांचे म्हणणे नोंदवले पाहिजे.

बैठका कोणत्या दिवसांत घ्याव्यात?

द्राक्षपट्ट्यात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी टाळावी. येवला, चांदवड, देवळ्याकडे उन्हाळ कांद्याची काढणी चालू असताना कोणी बैठकीला येणार नाही. पेठ-सुरगाण्यात भात-नागलीची लावणी आटोपल्यानंतर, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये, बहुतेक माणसे गावात असतात. आठवडे बाजाराचा दिवस विचारून घ्यावा.

नकाशे लोकांना समजतात का?

नीट छापले तर उत्तम समजतात. मोठा कागद घ्यावा, त्यावर देवराई, मारुतीचे देऊळ, जुना पाझर तलाव, एसटीचा थांबा अशा खुणा गावात रूढ असलेल्या नावांनी लिहाव्यात, आणि लोकांना त्यावर पेनाने खाडाखोड करू द्यावी. पडद्यावर दाखवलेला रंगीत नकाशा पाहून माणसे मान डोलावतात; दुरुस्ती मात्र कागदावरच होते.

महानगर प्रदेशातल्या गावांसाठी काही वेगळा विचार हवा का?

हवा. नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रातली गावे दोन्हीकडच्या मध्ये सापडतात: कर आणि सेवा ग्रामपंचायतीच्या, बांधकामाचा दाब शहराचा. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणारे भाडेकरू या गावांत राहतात, पण ग्रामसभेला ते सहसा नसतात. त्यांच्याशी बोलायचे तर पाळी सुटण्याच्या वेळी किंवा सुटीच्या दिवशी जावे लागते. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते, मलनिस्सारण आणि वाहनतळांची कामे होत आहेत. पर्वणीनंतर ती गावाच्या नेहमीच्या उपयोगी पडतील का, हा प्रश्न त्या त्या गावाने आराखड्याच्या टप्प्यावरच विचारायला हवा.

लोकांकडून घेतलेल्या माहितीची मालकी कोणाची?

आमच्या मते देणाऱ्याची. घरनिहाय माहिती नावाशिवाय साठवावी, वनहक्क दाव्यांखालच्या जमिनी आणि औषधी वनस्पतींची ठिकाणे ग्रामसभेच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करू नयेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, तो अभ्यासकांनी वाचून घ्यावा.

अभ्यासाचे निष्कर्ष प्रत्यक्ष आराखड्यात कसे जातात?

वेळापत्रक आणि लेखाशीर्ष (खर्च सरकारी हिशेबात ज्या शीर्षाखाली टाकायचा ते) या दोन गोष्टी सांभाळल्या तरच जातात. ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांच्या आसपास जोर धरते. त्याआधी होणाऱ्या महिलासभेत विषय मांडला गेला तर ग्रामसभेत तो टिकतो असा आमचा अनुभव आहे. जिल्हा वार्षिक योजनेचे प्रस्ताव त्यानंतर हिवाळ्यात आकार घेतात. म्हणून अभ्यासाचा सारांश जुलैअखेर गावाच्या हाती हवा. मार्चमध्ये सादर केलेला अप्रतिम अहवाल त्या वर्षापुरता निरुपयोगी असतो.

लेखाशीर्षाबाबत बोलायचे तर, ‘पाण्याची शाश्वत सोय करावी’ या शिफारशीला कोणताही अधिकारी तांत्रिक मान्यता देऊ शकत नाही. तीच शिफारस ‘अमुक गटातल्या झिऱ्याचे बांधकाम व वरच्या बाजूला सलग समतल चर’ अशी लिहिली, आणि ती आदिवासी उपयोजनेतून, रोजगार हमीतून की पेसाच्या अबंध निधीतून होईल ते सांगितले, तर तिला वाट मिळते. आपल्या शिफारशी या भाषेत लिहिण्यासाठी पंचायत समितीतल्या कनिष्ठ अभियंत्याबरोबर एक दुपार बसावे. संशोधकांना हे काम कमी दर्जाचे वाटते, पण आमच्या मते संपूर्ण अभ्यासातली ही सर्वांत महत्त्वाची दुपार असते.

निष्कर्ष गावाला मान्य झाले नाहीत तर?

आक्षेप कशावर आहे ते लिहून घ्यावे. माहिती चुकली असेल तर दुरुस्त करावी. माहिती बरोबर असून निष्कर्ष गैरसोयीचा असेल, उदाहरणार्थ नव्या बोअरवेल थांबवल्याशिवाय विहिरी टिकणार नाहीत असा, तर तो सौम्य करू नये. गावाचे वेगळे मत त्याच अहवालात, तेवढ्याच ठळकपणे छापावे. अटल भूजल योजनेतल्या गावांत पाण्याचा ताळेबंद गावानेच मांडायचा असतो, आणि आपल्या हाताने मांडलेली तूट लोक बाहेरच्या अहवालातल्या तुटीपेक्षा लवकर स्वीकारतात.

किती काळ लागतो, आणि काम संपल्यावर पुढे काय?

एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा पाहिल्याशिवाय या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाबद्दल लिहू नये. म्हणजे किमान एक वर्ष. काम संपल्यावर नकाशांची छापील प्रत आणि माहितीचे तक्ते ग्रामपंचायतीत ठेवावेत आणि पर्जन्यमापक व दोन-तीन ठरावीक विहिरींच्या नोंदी गावातलेच कोणी घेत राहील अशी व्यवस्था करावी. शाळेतली मुले आणि त्यांचे गुरुजी हे काम चांगले करतात, बचत गटातल्या महिलाही करतात. त्या वहीची एक प्रत दर वर्षी पंचायत समितीत जमा करण्याची सोय आधीच लावून घ्यावी, कारण ग्रामसेवकाची बदली झाली की केवळ दप्तरातल्या नोंदींचा माग लागत नाही.